सिलिकॉन आणि कार्बन नॅनोनलिका ट्रान्झिस्टर : कार्यपद्धतीचा तुलनात्मक परिचय

सारांश

सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा आकार जसजसा लहान होत गेला, तसतशा त्याच्या मर्यादा स्पष्ट होत गेल्या. त्याला पर्याय म्हणून कार्बन नॅनोनलिकांपासून बनविलेल्या ट्रान्झिस्टरचा अभ्यास १९९८ पासून चालू आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही ट्रान्झिस्टरांची रचना व कार्य यांची तुलना केली आहे. एकट्या ट्रान्झिस्टरच्या पातळीवर नॅनोनलिकेचे गुण सिद्ध झाले आहेत; परंतु असे कोट्यवधी ट्रान्झिस्टर एकसारखे बनविणे हा खरा प्रश्न आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ठाणे-कल्याण परिसरातील नॅनोनलिका-संशोधनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार अखेरीस केला आहे.

बीजसंज्ञा : ट्रान्झिस्टर, अर्धसंवाहक, सिलिकॉन, कार्बन नॅनोनलिका, अप्रतिहत वहन, कापूर

१. प्रस्तावना

कापूर जळताना भरपूर काजळी धरते, हे घरोघरी ठाऊक आहे. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ व ऑक्सिजनचा १ अणू असतो. कार्बनने समृद्ध असलेल्या या पदार्थापासून कार्बनची सूक्ष्म रूपे मिळविण्याचे प्रयत्न पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केले. कापरापासून फुलरीन मिळविल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच पदार्थापासून त्यांनी कार्बन नॅनोनलिकाही तयार केल्या. २००० नंतरच्या दशकात डॉ. शेरॉन यांचे हे कार्य कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रात आणि त्यानंतर अंबरनाथ येथील महाविद्यालयीन केंद्रात चालू राहिले. म्हणजे कोपरीतील एखाद्या विद्यार्थ्याला लोकलने तासाभरात गाठता येईल अशा अंतरावर, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, हा पदार्थ तयार होत होता.

याच नॅनोनलिकांविषयी ‘सिलिकॉनचे युग संपले, आता कार्बनचे युग’ अशी विधाने गेली दोन दशके वारंवार वाचावयास मिळतात. त्यांवर विसंबून विद्यार्थी संशोधनाचा विषय निवडतात आणि उमेदीची वर्षे त्यात घालवितात. म्हणून या विधानांत तथ्य किती, हे भौतिकशास्त्राच्या आधारे तपासणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रथम ट्रान्झिस्टरचे मूळ कार्य पाहू.

२. ट्रान्झिस्टरचे मूळ कार्य

आजच्या संगणकांत वापरला जाणारा ट्रान्झिस्टर हा मूलतः एक विद्युत कळ आहे. त्यास तीन अग्रे असतात. ज्या अग्रातून विद्युतभार आत येतो तो सोर्स, ज्यातून बाहेर जातो तो ड्रेन, आणि या दोहोंमधील वाट उघडतो वा मिटतो तो गेट. सोर्स व ड्रेन यांना जोडणाऱ्या अर्धसंवाहकाच्या पट्टीस ‘वाहिनी’ म्हणू. गेट वाहिनीला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये विसंवाहकाचा पातळ थर असतो. गेटवर विद्युतदाब दिला की त्याचे विद्युतक्षेत्र या थरातून वाहिनीपर्यंत पोहोचते, तेथे विद्युतभार खेचून आणते आणि वाट खुली होते. दाब काढला की वाट बंद होते.

चांगल्या कळेकडून तीन अपेक्षा असतात. ती उघडी असताना पुरेसा प्रवाह वाहावा, बंद असताना गळती अत्यल्प असावी, आणि उघडझाप करण्यास विद्युतदाब कमीत कमी लागावा. उघडझापीत खर्च होणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तिसरी अपेक्षा सर्वांत महत्त्वाची ठरते. दाब निम्म्यावर आला, तर खर्च चौथ्या हिश्शावर येतो. पुढील सर्व तुलना या तीन कसोट्यांवरच करावयाची आहे.

३. सिलिकॉन ट्रान्झिस्टर : बलस्थाने व मर्यादा

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला व डेव्हॉन काँग यांनी १९५९-६० च्या सुमारास या प्रकारचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर सिद्ध केला. अर्धसंवाहक म्हणून सिलिकॉन हा सर्वांत वेगवान पदार्थ नव्हता. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन अधिक सहजतेने धावतात. तरीही सिलिकॉनची सरशी झाली, याचे प्रमुख कारण त्याचा ऑक्साइड होय. सिलिकॉन तापविला की त्याच्या पृष्ठभागावर सिलिकॉन डायऑक्साइडचा एकसंध, टिकाऊ व उत्तम विसंवाहक थर आपोआप तयार होतो आणि पृष्ठभागावरील अणूंचे अतृप्त बंध बव्हंशी मिटवितो. दुसरे कारण असे की, सिलिकॉनचा अत्यंत शुद्ध व एकसंध असा मोठा स्फटिक वाढविता येतो. त्याच्या चकतीच्या एका टोकास असलेला अणुविन्यास दुसऱ्या टोकासही तंतोतंत तोच असतो. तिसरे असे की, फॉस्फरसचे मोजके अणू मिसळले की इलेक्ट्रॉनांचे वहन होते आणि बोरॉनचे मिसळले की ‘पोकळ्यां’चे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अभावामुळे निर्माण होणाऱ्या धन भाराचे. हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बनवून ऊर्जेची बचत करणारी तर्कमंडले रचता येतात.

या गुणांच्या बळावर १९७१ मधील इंटेलच्या पहिल्या सूक्ष्मप्रक्रियकातील २,३०० ट्रान्झिस्टरांपासून आजच्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या चिपपर्यंत मजल गेली. मात्र आकार लहान होताना तीन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण ताब्याची. वाहिनी आखूड झाली की ड्रेनचे विद्युतक्षेत्र सोर्सपर्यंत पोहोचते आणि गेटचा अंमल सैल पडतो. रबरी नळी वरून एका बोटाने दाबली तर बाजूंनी पाणी झिरपतेच; मूठ आवळली तर ते थांबते. हेच तत्त्व वापरून वाहिनीला तीन बाजूंनी वेढणाऱ्या गेटची रचना इंटेलने २०११ मध्ये जाहीर केली, तर चारही बाजूंनी वेढणारी रचना सॅमसंगने २०२२ मध्ये उत्पादनात आणली. दुसरी अडचण विसंवाहक थराची. तो जेमतेम एक नॅनोमीटरच्या घरात आल्यावर त्यातूनच प्रवाह झिरपू लागला. म्हणून २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त थराचा अवलंब केला. तिसरी अडचण मात्र अशा उपायांना दाद देत नाही. गेटचा ताबा टिकविण्यासाठी वाहिनी अधिकाधिक पातळ करावी लागते. परंतु सिलिकॉनचा पापुद्रा तीन-चार नॅनोमीटरहून पातळ झाला की पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर आदळून इलेक्ट्रॉनांची गती झपाट्याने मंदावते. कारण हा पापुद्रा मोठ्या स्फटिकातून कोरून काढलेला असतो आणि कोरलेली कड अणूच्या मापाने कधीच गुळगुळीत नसते.

४. नॅनोनलिकेची रचना

कोरून पातळ करण्याऐवजी मुळातच पातळ असलेला पदार्थ घ्यावा, या विचारातून नॅनोनलिकेकडे लक्ष गेले. ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनांचा बनलेला असतो. चटई गुंडाळावी त्याप्रमाणे हा थर गुंडाळून कडा जोडल्या, तर एकपदरी नॅनोनलिकेची कल्पना येते. जपानमधील सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुपदरी नलिकांची रचना प्रकाशात आणली आणि १९९३ मध्ये एकपदरी नलिका ज्ञात झाल्या. ट्रान्झिस्टरसाठी एकपदरी नलिकाच उपयोगी पडतात. त्यांचा व्यास साधारणतः एक ते दोन नॅनोमीटर असतो. नलिकेत प्रत्येक कार्बन अणूचे बंध शेजाऱ्यांशी पूर्ण जुळलेले असल्यामुळे तिचा पृष्ठभाग जन्मतःच नितळ असतो.

तथापि चटई सरळ गुंडाळली की तिरकी, यावर नलिकेचा स्वभाव ठरतो. षटकोनांच्या जाळीवर गुंडाळीची दिशा दोन पूर्णांकांनी सांगतात. या दोन अंकांतील फरकाला तीनने भाग जात असेल, तर नलिका धातूसारखी वागते. जात नसेल, तर ती अर्धसंवाहक असते. त्यामुळे कोणतीही निवड न करता वाढविलेल्या नलिकांत सुमारे एक तृतीयांश धातुसदृश व दोन तृतीयांश अर्धसंवाहक असतात. अर्धसंवाहक नलिकेतील ऊर्जापट्टांमधील अंतर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. दीड नॅनोमीटर व्यासाच्या नलिकेत ते सिलिकॉनच्या १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या साधारण निम्मे भरते.

५. नॅनोनलिका ट्रान्झिस्टरचे कार्य

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सीस डेकर यांच्या गटाने आणि अमेरिकेत आयबीएमच्या गटाने १९९८ मध्ये स्वतंत्रपणे एका नलिकेचा ट्रान्झिस्टर करून दाखविला. सोर्स, ड्रेन, गेट हा आराखडा तोच. केवळ वाहिनीच्या जागी नलिका आली. मात्र कार्यात तीन महत्त्वाचे फरक पडतात.

पहिला फरक वहनाचा. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन अणूंच्या कंपनांवर, अपद्रव्यांवर व पृष्ठभागावर आदळत, दिशा बदलत पुढे सरकतो. नलिकेत त्याला पुढे वा मागे एवढ्याच दोन दिशा उपलब्ध असतात. किंचित बाजूला ढळण्याची सोयच नसल्याने त्याला अडविणाऱ्या धडका फार विरळ होतात आणि अल्प विद्युतदाबाखाली तो शेकडो नॅनोमीटर अंतर विनाअडथळा कापू शकतो. वाहिनी याहून आखूड असली की वहन ‘अप्रतिहत’ होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अली जावे व होंगजिए दाई यांच्या गटाने २००३ मध्ये पॅलेडियमचे जोड वापरून याच्या अगदी जवळ जाणारा ट्रान्झिस्टर सिद्ध केला.

दुसरा फरक गेटच्या ताब्याचा. वाहिनीची जाडी म्हणजे नलिकेचा व्यास. ती एवढी बारीक असल्याने अतिशय आखूड असतानाही गेटच्या अंमलाखाली राहते. आयबीएमच्या गटाने २०१२ मध्ये ९ नॅनोमीटर लांबीच्या वाहिनीचा ट्रान्झिस्टर केला, तर पेकिंग विद्यापीठातील पेंग लिआनमाओ यांच्या गटाने २०१७ मध्ये ५ नॅनोमीटर लांबीच्या गेटपर्यंत मजल मारली. वहन सुलभ व ताबा पक्का असल्याने सिलिकॉनपेक्षा कमी विद्युतदाबावर काम भागविता येते. नॅनोनलिकांच्या मंडलांना सिलिकॉनच्या तुलनेत ऊर्जा व वेग यांचा एकत्रित लाभ सुमारे दहापट मिळावा, असा अंदाज या क्षेत्रातील अभ्यासकांनी वर्तविला आहे. अर्थात तो गणिती अंदाज आहे.

तिसरा फरक प्रकार ठरविण्याचा. नलिकेत परके अणू मिसळले तर तिची नितळ रचनाच बिघडेल. म्हणून इलेक्ट्रॉन वाहणार की पोकळ्या, हे जोडासाठी निवडलेल्या धातूवर व नलिकेवरील आवरणावर सोपविले जाते. पॅलेडियमच्या जोडातून पोकळ्या सहज शिरतात, तर स्कँडियमच्या जोडातून इलेक्ट्रॉन.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सामान्य तापमानास प्रवाह दहापट बदलण्यासाठी गेटचा दाब किमान ६० मिलिव्होल्टने बदलावा लागतो. ही मर्यादा इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक ऊर्जेतून येते. पदार्थ कोणता याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून साध्या नॅनोनलिका ट्रान्झिस्टरलाही तीतून सूट नाही. शिवाय पट्टांमधील अंतर कमी असल्याने दाब वाढविला तर नलिकेतील गळतीही वाढते. नॅनोनलिका ही नियमांपलीकडची वस्तू नसून त्याच नियमांत अधिक चोख वागणारी वाहिनी आहे.

६. जोडांचा प्रश्न

वाहिनीत अडथळा नसेल तर रोध शून्य व्हावयास हवा, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. नलिकेत विद्युतवहनाचे मोजके चारच मार्ग असतात. धातूतील असंख्य मार्गांतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना या चारांतूनच जावे लागते आणि त्यामुळे प्रवेशापाशीच किमान सुमारे साडेसहा हजार ओहमचा रोध निर्माण होतो. हा पुंजभौतिकीने घातलेला किमान रोध होय. जोड सदोष असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो.

याचे उदाहरण ठाणेकरांना दूर शोधावे लागणार नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग आठ पदरी, परंतु रेल्वेवरील कोपरीचा जुना पूल चार पदरी होता. रस्ता कितीही प्रशस्त असला तरी वाहनांचा ओघ पुलाच्या मापानेच ठरत असे. रुंदीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा सुधारणा झाली ती पुलात. रस्ता आधीपासूनच रुंद होता. नॅनोनलिका ट्रान्झिस्टरची स्थिती अशीच आहे. वाहिनी उत्तम असल्यामुळेच सारा रोध जोडांपाशी एकवटतो आणि संशोधनाचा भरही तेथेच द्यावा लागतो. ट्रान्झिस्टर लहान करताना जोडाची लांबीही घटवावी लागते आणि बाजूने टेकविलेल्या जोडाची लांबी घटली की रोध वाढतो. आयबीएमच्या गटाने २०१५ मध्ये मॉलिब्डेनमचा जोड नलिकेच्या टोकाशीच रासायनिक रीत्या सांधून ही अडचण बरीचशी दूर करता येते, असे दाखविले.

७. शुद्धता व मांडणी

एका नलिकेतून साधारण २० मायक्रोअँपिअरच्या घरातील प्रवाह मिळतो. चिपमधील लांब तारांना विद्युतभार पुरविण्यास तो अपुरा पडतो, म्हणून एका ट्रान्झिस्टरमध्ये अनेक नलिका समांतर मांडाव्या लागतात. खरी अडचण येथे सुरू होते.

समजा, एका ट्रान्झिस्टरमध्ये दहा नलिका आहेत. त्यांतील एक जरी धातुसदृश असली, तरी गेटने वाट मिटविल्यावर तिच्यातून प्रवाह वाहतच राहील. निवड न करता घेतलेल्या दहाही नलिका अर्धसंवाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांशाचा दहावा घात, म्हणजे शेकडा दोनहूनही कमी आहे. शुद्धीकरणाने धातुसदृश नलिकांचे प्रमाण दहा लाखांत एक इतके खाली आणले, तरी एक अब्ज ट्रान्झिस्टरांच्या चिपमध्ये दहा अब्ज नलिका असतील आणि त्यांतील दहा हजार सदोष निघतील. रसायनशास्त्रात अतिशुद्ध मानला जाणारा नमुना संगणकाच्या दृष्टीने अशुद्धच ठरतो.

यावर दोन मार्गांनी काम झाले. पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये बहुवारिकांच्या साहाय्याने नलिका निवडून ९९.९९९९ टक्के अर्धसंवाहक शुद्धता साधली आणि त्या दर मायक्रोमीटरला १०० ते २०० या दाटीने समांतर मांडून दाखविल्या. दुसरा मार्ग मंडल-रचनेचा. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मॅक्स शुलाकर यांच्या गटाने असे दाखविले की, सदोष नलिका सर्व प्रकारच्या तर्कमंडलांना सारख्याच बाधक नसतात. कमी बाधित होणारे जोडणीक्रम निवडले तर शुद्धतेची अट ९९.९९९९९९ टक्क्यांवरून ९९.९९ टक्क्यांपर्यंत शिथिल करता येते. शुद्ध पदार्थाची वाट पाहत न बसता अशुद्धता पचविणारी रचना करावी, ही यातील मर्मदृष्टी आहे.

८. आतापर्यंतची वाटचाल

स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१३ मध्ये १७८ ट्रान्झिस्टरांचा पहिला नॅनोनलिका संगणक चालला. २०१९ मध्ये शुलाकर यांच्या गटाने १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा १६ बिटी प्रक्रियक सिद्ध केला, तर २०२० मध्ये अशा ट्रान्झिस्टरांची निर्मिती सिलिकॉनच्या व्यापारी कारखान्यात २०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांवर करून दाखविण्यात आली. पेकिंगच्या गटाने २०२४ मध्ये ३,००० ट्रान्झिस्टरांची, कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणारी चिप प्रसिद्ध केली. प्रगती निश्चित आहे. परंतु १४,००० चा हा आकडा सिलिकॉनने १९७० च्या दशकातच ओलांडला होता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

नॅनोनलिकेचा एक लाभ मात्र सिलिकॉनच्या जोडीनेच मिळतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर घडविण्यास सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे एका मजल्यावर दुसरा मजला चढविताना खालची मंडले वितळण्याचा धोका असतो. नलिका मात्र अन्यत्र वाढवून द्रावणातून चकतीवर पसरविता येतात आणि पुढील काम ४०० अंशांच्या आत आटोपते. म्हणून तयार सिलिकॉन मंडलांवर नलिकांचा मजला चढविणे शक्य होते. २०१७ मध्ये स्मृतिघटक व वीस लाखांहून अधिक नॅनोनलिका ट्रान्झिस्टर असलेली अशी बहुमजली चिप प्रसिद्ध झाली. कार्बन सिलिकॉनची जागा घेईल यापेक्षा तो सिलिकॉनच्या माथ्यावर बसेल, ही शक्यता अधिक सयुक्तिक दिसते.

९. आपल्या परिसरातील संशोधनाचा संदर्भ

या पार्श्वभूमीवर पवई, कल्याण व अंबरनाथ येथील कार्याचे मूल्यमापन कसे करावे? कापूर किंवा टर्पेंटाइनसारखे वनस्पतिजन्य पदार्थ ऑक्सिजनविरहित भट्टीत लोह किंवा तत्सम उत्प्रेरकाच्या सान्निध्यात विघटित करून नलिका मिळविणे, ही कमी खर्चाची पद्धत आहे. डॉ. शेरॉन यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्यासमवेत कापरापासून बहुपदरी व एकपदरी अशा दोन्ही प्रकारच्या नलिका मिळविल्या. खनिज तेलाऐवजी पुनर्निर्माणक्षम कच्चा माल वापरणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

परंतु भट्टीतून निघालेली काळी पूड म्हणजे ट्रान्झिस्टर नव्हे. तीत विविध व्यासांच्या, विविध गुंडाळींच्या, एकपदरी व बहुपदरी नलिका, उत्प्रेरकाचे कण व साधी काजळी यांचे मिश्रण असते. विद्युतघट, प्रबलित द्रव्ये, वायुसंवेदक यांसाठी असे मिश्रण पुष्कळदा चालते. संगणकाच्या कळेसाठी चालत नाही. दोन्ही उपयोगांना ‘नॅनोनलिका’ हा एकच शब्द लावल्याने अपेक्षांचा घोटाळा होतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेने प्रक्रियक घडविण्याची आकांक्षा बाळगणे व्यवहार्य नाही. तसे न झाल्यास ते अपयशही मानू नये. मात्र नलिकांचे वर्गीकरण, त्यांची वर्णपटमितीने तपासणी, जोडांच्या रोधाचे मापन व संवेदकांची घडण ही कामे तिच्या आवाक्यातील आहेत आणि मागील दोन विभागांत पाहिल्याप्रमाणे खरी अडचणही तेथेच आहे. ज्या उपकरणांचा खर्च महाविद्यालयास पेलवत नाही, त्यांच्यासाठी पवईच्या संस्थेत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिकी केंद्र स्थापन झाले आणि अन्य संस्थांतील संशोधकांना तेथील सुविधा वापरू देण्याचा कार्यक्रमही आखला गेला. ठाणे व कल्याण परिसरातील महाविद्यालयांना ही सोय अंतराने तरी जवळची आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) दोन्ही ट्रान्झिस्टरांचे कार्यतत्त्व एकच आहे. फरक वाहिनीच्या स्वरूपात आहे. सिलिकॉनची वाहिनी कोरून पातळ करावी लागते, नॅनोनलिका मुळातच पातळ व नितळ असते.

(२) अप्रतिहत वहन व गेटचा पक्का ताबा यांमुळे एकटा नॅनोनलिका ट्रान्झिस्टर कमी विद्युतदाबावर अधिक चांगले कार्य करू शकतो. तथापि ६० मिलिव्होल्टची औष्णिक मर्यादा दोहोंना समान आहे.

(३) नॅनोनलिकेच्या अडचणी जोडांचा रोध, शुद्धता व मांडणी या आहेत. सिलिकॉनचे सामर्थ्य त्याच्या वेगात कधीच नव्हते. ते त्याच्या एकसारखेपणात आहे. एकही नलिका शेजारणीहून वेगळी निघू नये, ही अट पाळता येईल तेव्हाच कार्बन या स्पर्धेत उतरेल.

(४) नजीकच्या काळात सिलिकॉनची जागा घेण्यापेक्षा सिलिकॉनवरील अतिरिक्त मजला म्हणून नॅनोनलिकांचा उपयोग अधिक संभवनीय आहे.

(५) नलिका तयार करणे ही या विषयाची पहिली पायरी असून ती या परिसरातील प्रयोगशाळांनी ओलांडली आहे. पुढील पायरी निवडण्याची आहे. विषय ठरविणाऱ्या विद्यार्थ्याने ‘किती ग्रॅम नलिका मिळाल्या’ या प्रश्नापेक्षा ‘त्यांतील किती एकसारख्या आहेत आणि ते मी कसे मोजले’ हा प्रश्न प्रथम विचारावा.